उरलेल्या अर्ध्यातले आपण

'थॅनोस बरोबर होता' हे वाक्य आता जवळपास म्हणीसारखं झालंय. 'ॲव्हेंजर्स: इन्फिनिटी वॉर' २०१८च्या एप्रिलमध्ये आला तेव्हा मी इंजिनिअरिंगला होतो. तेव्हापासून कॉलेजचं हॉस्टेल, हिंजवडीतलं ऑफिसचं कँटीन आणि किमान तीन व्हॉट्सॲप ग्रुप, एवढ्या ठिकाणी मी हा वाद ऐकत आणि घालत आलोय. वादाचा साचा ठरलेला असतो. एक जण म्हणतो, माणसं जास्त झालीत, कुणीतरी कटू निर्णय घ्यायलाच हवा. दुसरा म्हणतो, अरे सगळे इन्फिनिटी स्टोन हातात होते, तर अर्धी माणसं मारण्यापेक्षा अन्नधान्य दुप्पट करायचं ना! तिसरा म्हणतो, पण त्यानं निवड रँडम केली, गरीब-श्रीमंत काही बघितलं नाही, यापेक्षा न्याय्य काय असणार? मग गाडी 'एंडगेम'वर येते, टोनी स्टार्कच्या मरणावर येते, सगळे थोडे हळवे होतात आणि वाद तिथेच संपतो.

या वादाला 'पोरांचा टाइमपास' म्हणून हसणाऱ्यांतला मी नाही. आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांनी नैतिकतेवरची पहिली लांबलचक चर्चा याच सिनेमांवरून केली आहे. बहुतेकांचं ट्रॉली प्रॉब्लेमशी किंवा उपयुक्ततावादाशी नातं पुस्तकातून नाही, थॅनोस, जोकर आणि किलमाँगर यांच्यातून जुळलं. म्हणूनच या वादात एक गोष्ट कायम सुटते, ती मला खुपते. आपण खलनायकाचं तत्त्वज्ञान बरोबर की चूक यावर तासन्‌तास बोलतो. सिनेमा मेलेल्यांचा हिशेब कसा ठेवतो, यावर बोलत नाही. माझं म्हणणं असं की, हा दुसरा प्रश्न विचारल्याशिवाय पहिल्याचं उत्तर मिळतच नाही. मेलेल्यांना नावं नसतील, तर कुठलंही गणित बरोबरच वाटतं.

आधी गणित

मूळ कॉमिक्समधला थॅनोस विचारवंत नव्हता. जिम स्टार्लिननं १९७३ मध्ये हे पात्र आणलं. १९९१च्या 'द इन्फिनिटी गाँटलेट'मध्ये तो अर्धं विश्व संपवतो ते साक्षात मृत्यूवर त्याचं प्रेम असतं म्हणून. मृत्यू तिथे बाईच्या रूपात येते आणि हा तिला खूश करायला निघालेला असतो. हे वेडच होतं, आणि त्या वेडाची बाजू घेऊन कुणी भांडत बसणं अवघड होतं. सिनेमानं हा हेतू काढून त्या जागी लोकसंख्येचा तक्ता ठेवला. टायटन ग्रहावर तोंडं जास्त आणि अन्न कमी, त्यानं उपाय सुचवला, कुणी ऐकलं नाही, ग्रह मेला. हा मुळात माल्थसचा १७९८ सालचा युक्तिवाद आहे, फक्त जांभळ्या कातडीत गुंडाळलेला. पटकथेच्या दृष्टीनं ही चाल हुशारीची होती, कारण आता खलनायकाशी वाद घालता येऊ लागला. पण वाद घालता आला म्हणून युक्तिवाद खरा ठरत नाही.

भारतापुरतं तपासून बघू. २०१८ मध्ये आपण साधारण १३५ कोटी होतो. चुटकी वाजली, अर्धे गेले, उरले ६७-६८ कोटी. १९८१च्या जनगणनेत भारताची लोकसंख्या जवळपास एवढीच होती. मग १९८१ साली देशात सुबत्ता होती का? आपल्या आईवडिलांना विचारा. रेशनच्या रांगा होत्या, फोनसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागायचं, दुष्काळ होते. थोडक्यात, विश्वातला सगळ्यात मोठा नरसंहार करून थॅनोसनं आपल्याला फार तर सदतीस वर्षं मागे नेलं असतं, तेही सदतीस वर्षांत मिळवलेलं ज्ञान असणारे अर्धे लोक गमावून.

यात अजून एक तांत्रिक चूक आहे आणि ती माझ्या धंद्यातल्या कुणालाही पटकन दिसेल. डेटाबेसमधल्या सगळ्या टेबलांतले अर्धे रेकॉर्ड रँडम उडवले, तर उरलेला अर्धा डेटाबेस नीट चालत नाही. तो मोडतो. रेकॉर्ड एकमेकांना जोडलेले असतात. ऑर्डर आहे पण ग्राहक नाही, ग्राहक आहे पण पत्ता नाही. माणसांचंही तसंच. 'इन्फिनिटी वॉर'च्या शेवटच्या श्रेयनामावलीनंतरच्या दृश्यात पायलट धूळ होतो आणि हेलिकॉप्टर इमारतीवर आदळतं. त्या इमारतीतले लोक चुटकीत 'वाचलेले' होते. म्हणजे अर्धे हा आकडाही खरा नाही. सिनेमाला हे माहीत आहे. त्यानं ते काही सेकंद दाखवलं आणि पुढे निघून गेला.

रँडम म्हणजे न्याय्य?

तरीही तिसऱ्या मित्राचा मुद्दा शिल्लक राहतो, आणि थॅनोसच्या बाजूचा तोच सगळ्यात दमदार मुद्दा आहे. चिठ्ठी टाकली, कुणाचं तोंड पाहिलं नाही, मग तक्रार कसली?

तक्रार अशी की, प्रत्यक्षात ही चिठ्ठी कधीच टाकली जात नाही. लोकसंख्येचा हा हिशेब आपल्या देशात एकदा अमलात आणून झाला आहे. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, ८० लाखांहून जास्त नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या. कोटे ठरवून दिलेले होते आणि ते पूर्ण करायचा दबाव खालपर्यंत पोचलेला होता. जबरदस्तीची झळ कुणाला लागली? झोपडपट्टीतल्या माणसाला, खेड्यातल्या मजुराला, ज्याला नाही म्हणायची ताकद नव्हती त्याला. तक्त्यात सगळे सारखे होते. पण तक्ता घेऊन माणूस दारात आला, तेव्हा दारं आधीच निवडलेली होती.

'थॅनोस बरोबर होता' असं म्हणणारा प्रत्येक जण, न सांगता, स्वतःला उरलेल्या अर्ध्यात धरतो. मी आजवर एकही माणूस असा पाहिला नाही की जो म्हणाला, थॅनोस बरोबर होता आणि माझी आई गेली असती तरी माझी हरकत नव्हती. ट्रॉली प्रॉब्लेममध्येही आपण कायम खटक्यापाशी उभे असतो, रुळांवर कधीच नसतो. प्रश्नाची मांडणीच अशी आहे की, विचार करणारा माणूस सुरक्षित जागी असतो.

या बाबतीत ख्रिस्तोफर नोलनचा 'द डार्क नाइट' (२००८) मला अजूनही जास्त प्रामाणिक वाटतो. त्यात जोकर दोन बोटींवर स्फोटकं ठेवतो आणि एकीचं बटण दुसरीतल्या लोकांच्या हाती देतो. एका बोटीत कैदी, दुसरीत साधे नागरिक. सिनेमा थांबतो आणि त्या लोकांना बोलू देतो. ते घाबरतात, भांडतात, मतदान घेतात. नागरिकांचं बहुमत कैद्यांना उडवण्याच्या बाजूनं पडतं, पण बटण दाबायला कुणाचा हात उठत नाही. तिकडे एक कैदी रिमोट घेतो आणि सरळ पाण्यात फेकून देतो. त्या कैद्याचं नाव आपल्याला कळत नाही, पण त्याला तोंड आहे आणि त्याला निवड आहे. जोकरचं तत्त्वज्ञान बॅटमनच्या ठोशानं हरत नाही, ते या बोटींवर हरतं. 'इन्फिनिटी वॉर'मध्ये अब्जावधी मरतात, पण त्यांतल्या एकालाही हा प्रश्न विचारला जात नाही.

हाच वाद, ताम्हिणीच्या रस्त्यावर

गेल्या पावसाळ्यात आम्ही ऑफिसातले चौघं ताम्हिणीला गेलो होतो. शनिवार होता, म्हणजे धबधब्यांपेक्षा गाड्या जास्त. गाडी अडकली आणि थॅनोस निघाला. तोच साचा, तेच मुद्दे. काच पुसत एक जण म्हणाला, "शेवटी मोठ्या भल्यासाठी कुणाचं तरी नुकसान होणारच ना." त्या वेळी आमच्या बाजूला मुळशीचं पाणी पसरलेलं होतं, धुक्यात अर्धं बुडालेलं. हे वाक्य शंभर वर्षांपूर्वी नेमकं याच खोऱ्याबद्दल बोललं गेलं होतं, हे गाडीतल्या बाकी तिघांना माहीत नव्हतं. त्यात त्यांचा दोष नाही. शाळेत आम्हाला मुळशीचा सत्याग्रह शिकवला असेल तर दोन ओळीत.

गोष्ट थोडक्यात अशी. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. टाटांच्या वीज कंपनीनं नीळा आणि मुळा या नद्यांच्या संगमापाशी धरण बांधायचं ठरवलं. हिशेब तांत्रिकदृष्ट्या फार देखणा आहे, इंजिनिअर म्हणून मला तो आवडतो. मुळेचं पाणी उताराप्रमाणे पूर्वेला जातं, भीमेतून कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात. ते घाटमाथ्यावर अडवायचं, बोगद्यातून पश्चिमेला वळवायचं आणि सुमारे ५०० मीटर खाली कोकणात भिऱ्याच्या वीजघरावर सोडायचं. सह्याद्रीचा कडा फुकटात मिळालेला. धूर नाही, कोळसा नाही. तुम्ही कोलाडला कुंडलिकेत राफ्टिंग केलं असेल, तर ते याच पाण्यावर. भिऱ्याला वीज करून झाली की ते नदीत सोडतात, म्हणून तर तिथे उन्हाळ्यातही राफ्टिंग चालतं.

तक्त्याच्या दुसऱ्या रकान्यात पन्नासच्या आसपास गावं आणि त्यांची भातखाचरं होती. सरकारनं १८९४चा भूसंपादन कायदा कंपनीसाठी वापरला. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले. बायाही होत्या. विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव, पांडुरंग महादेव बापट हे पुढारी. घोषणा होती 'जान किंवा जमीन'. याच लढ्यानं बापटांना 'सेनापती' केलं. राजेंद्र व्होरांनी या लढ्यावर पुस्तक लिहिलंय आणि त्याच्या इंग्रजी आवृत्तीच्या शीर्षकातच या लढ्याला जगातलं पहिलं धरणविरोधी आंदोलन म्हटलंय.

लढा हरला. धरण झालं. १९२७ मध्ये भिऱ्याची वीज सुरू झाली.

आता थॅनोसच्या चाहत्यांची कसोटी इथे लावून बघा. इथे चिठ्ठी टाकली गेली होती का? नाही. या खोऱ्यात पाऊस प्रचंड पडतो आणि खोऱ्याचा आकार वाडग्यासारखा आहे, म्हणून हे खोरं निवडलं गेलं. आणि इथली माणसं गरीब, कर्जबाजारी होती, म्हणून ते निवडणं सोपं गेलं. बऱ्याच जमिनी आधीच सावकारांकडे गहाण पडलेल्या होत्या. त्यामुळे पुण्यात बसलेल्या काही सावकार-जमीनमालकांना जमीन वाचण्यापेक्षा मोबदला चांगला मिळण्यात रस होता. म्हणजे पीडितांच्या बाजूलाही सगळे एका बाजूचे नव्हते. सुपरहिरो सिनेमात ही गुंतागुंत बसत नाही, कारण तिथे एक हात आणि एक चुटकी लागते. मुळशीत हात बरेच होते. कुणी नकाशा काढला, कुणी कायदा वाचला, कुणी गहाणखत दाखवलं, कुणी पंचनामा केला. यातला प्रत्येक जण म्हणू शकत होता, मी कुठे कुणाला बुडवलं?

आणि धरण निरुपयोगी होतं का? अजिबात नाही. मुंबई उजळली, गिरण्या चालल्या, कोकणातून आणि घाटावरून गेलेल्या लाखो माणसांच्या चुली त्या गिरण्यांवर पेटल्या. म्हणूनच हा प्रश्न खरा आहे. फायदा खोटा असता, तर वादच नव्हता.

योग्य प्रश्न विचारणाऱ्याचं काय करायचं?

मार्व्हलला हा पेच कळत नाही असं नाही. उलट त्यांच्या सगळ्यात चांगल्या खलनायकांच्या हातात खरा प्रश्न असतो. 'ब्लॅक पँथर'मधला किलमाँगर विचारतो की, वाकांडाकडे एवढी ताकद असताना जगभरचे काळे लोक पिचत असताना तुम्ही लपून का बसलात? याला त्या सिनेमात कुणाकडे उत्तर नाही. मग पटकथा काय करते? त्याच्याच हातून त्याच्या प्रेयसीला मारवते. एका म्हाताऱ्या बाईचा गळा धरायला लावते. शेतं जाळायला लावते. हळूहळू आपण प्रश्न विसरतो आणि माणसाचा राग करू लागतो. शेवटी तो मरतो, आणि टिचाला काय करतो? ओकलंडमध्ये, किलमाँगर जिथे वाढला तिथे, मदतकेंद्र काढतो. म्हणजे मागणी मान्य, पण मागणारा मेल्यावर.

२०२१च्या 'द फाल्कन अँड द विंटर सोल्जर'मध्ये हाच प्रकार विस्थापितांच्या बाबतीत आहे आणि मुळशीच्या संदर्भात तो मला फारच बोचतो. 'एंडगेम'मध्ये गेलेले अर्धे लोक पाच वर्षांनी परत येतात. टाळ्या. पण त्या पाच वर्षांत त्यांच्या घरांत, त्यांच्या देशांत दुसरी माणसं राहायला आलेली असतात. त्यांना आता हाकललं जातं, छावण्यांत कोंबलं जातं. कार्ली नावाची तरुण मुलगी त्यांच्या बाजूनं उभी राहते. चुटकीचा जमिनीच्या मालकीवर काय परिणाम झाला, हा प्रश्न सगळ्या मार्व्हल विश्वात फक्त तिनं धसाला लावलेला आहे. तिसऱ्या भागापर्यंत पटकथा तिला माणसं आत असलेली इमारत उडवायला लावते. शेवटी ती मरते, आणि नवा कॅप्टन अमेरिका तिचा मृतदेह हातात घेऊन नेत्यांना सांगतो की, तिला दहशतवादी म्हणू नका. भाषण चांगलं आहे. पण परत तोच क्रम: आधी मारा, मग ऐका.

इथे कुणी विचारेल, मग सेनापती बापटांचं काय? विचारायलाच हवं. सत्याग्रह खचत गेला तसा बापटांचा संयम सुटला. शेवटी धरणाच्या कामाची रेल्वे रोखल्याच्या प्रकरणात त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. मुळशीत तुरुंगात गेलेले ते शेवटचे मोठे नाव. हे अहिंसेत बसतं का, यावर तेव्हाही मतभेद होते आणि आजही असू शकतात. पटकथालेखकाच्या हातात हे दिलं, तर तो म्हणेल, बघा, हा माणूस शेवटी बंदूक घेतोच, म्हणजे खलनायकच. पण इतिहास पटकथेसारखा लिहिलेला नसतो. बापटांनी रेल्वे अडवली, यानं खोऱ्यातल्या शेतकऱ्याचा प्रश्न एक इंचही खोटा ठरत नाही. प्रश्न विचारणाऱ्याचं वागणं आणि प्रश्नाचा खरेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सिनेमा त्यांची मुद्दाम गल्लत करतो, कारण तसं केलं की प्रेक्षकाला घरी शांत झोप लागते.

पुढे बापटांचंही ओकलंडसारखंच झालं. पुण्यात सेनापती बापट रस्ता आहे, आपण त्याला 'एसबी रोड' म्हणतो आणि तिथे मॉलला जातो. मुंबईत सेनापती बापट मार्ग दादर-परळच्या गिरणगावाच्या कडेनं जातो. ज्या गिरण्यांच्या विजेसाठी त्यांचा लढा हरला, त्याच गिरण्यांच्या शेजारच्या रस्त्याला त्यांचं नाव.

मारुती कांबळे आणि अश्वसेन

मला जर कुणी विचारलं की, तत्त्वज्ञान असलेला खलनायक पडद्यावर सगळ्यात चांगला कुणी लिहिला, तर मी मार्व्हल किंवा डीसीचं नाव घेणार नाही. विजय तेंडुलकरांचं घेईन. 'सामना' (१९७४), दिग्दर्शक जब्बार पटेल. निळू फुलेंचा हिंदुराव धोंडे पाटील हा साखरसम्राट आहे. त्यानं परिसर बदललाय, कारखाना उभा केलाय, लोकांच्या हाताला काम दिलंय. त्याचं म्हणणं ऐकलं तर बहुतेक सगळं खरं आहे. त्याच्यासमोर श्रीराम लागूंचा दारुडा मास्तर. त्याच्याकडे ना सूट, ना ढाल, ना हातोडा. त्याच्याकडे एकच प्रश्न आहे: मारुती कांबळेचं काय झालं?

या सिनेमातलं मरण बघा. एकच माणूस मेलाय, आणि तो कुणी मोठा नाही. हिंदुरावच्या विकासाच्या तक्त्यात तो दशांश चिन्हाच्या पुढे कुठेतरी असेल. पण त्याला नाव आहे, आणि मास्तर ते नाव सोडत नाही. हिंदुरावच्या सगळ्या कारखान्यांचं वजन एका पारड्यात आणि हे नाव दुसऱ्यात. नाव जड ठरतं. सिनेमा हिंदुरावला राक्षस करत नाही, त्याला उगाच वाईट वागायला लावत नाही, त्याचं कामही खोटं ठरवत नाही. त्याचं सगळं मान्य करून फक्त तो प्रश्न विचारत राहतो. पन्नास वर्षं झाली, तो प्रश्न अजून मराठीत वापरात आहे. 'इन्फिनिटी वॉर'मध्ये धूळ झालेल्या अनोळखी माणसांपैकी एकाचं तरी नाव तुम्हाला आठवतं?

आपल्याकडे याहून जुनं उदाहरण आहे. कृष्ण आणि अर्जुन खांडववन जाळतात. पुढे इंद्रप्रस्थात मयसभा उभी राहते. आजच्या भाषेत विकास प्रकल्प. वनातले प्राणी, नाग, जे पळायला बघतात तेही मारले जातात. इरावती कर्व्यांनी 'युगान्त'मध्ये या जाळपोळीकडे बिनदिक्कत, डोळे उघडे ठेवून पाहिलंय. पण मला महाभारताचं मोठेपण पुढे दिसतं. तक्षकाचा मुलगा अश्वसेन त्या आगीतून निसटतो, त्याची आई मरते. महाभारत त्याला विसरत नाही. कित्येक वर्षांनी, कुरुक्षेत्रावर, तो कर्णाच्या बाणावर येऊन बसतो आणि अर्जुनाच्या मुकुटापर्यंत पोचतो. पुढे तक्षक अर्जुनाच्या नातवाला, परीक्षिताला मारतो. मग जनमेजयाचं सर्पसत्र. नायकांनी केलेल्या विस्थापनाची परतफेड तीन पिढ्या चालते, आणि महाकाव्य ती पूर्ण नोंदवतं. अश्वसेन बरोबर होता का? माहीत नाही. पण त्याचं नाव, त्याच्या आईचं मरण आणि त्याचं कारण, तिन्ही गोष्टी नोंदीत आहेत. वाद त्यानंतर घालता येतो.

बंदूक लक्षात राहिली, सातबारा नाही

'इन्फिनिटी वॉर' आला त्याच वर्षी, २०१८च्या नोव्हेंबरमध्ये, प्रवीण तरडेंचा 'मुळशी पॅटर्न' आला. शीर्षकातच तालुक्याचं नाव. ओम भूतकरचा राहुल्या गुंड होतो, कारण त्याच्या बापाची, मोहन जोशींच्या पाटलाची, जमीन गेलेली असते. एकेकाळचा जमीनदार शहरात हमाली करतो. इथे धरण नाही, सरकारी नोटीस नाही. इथे पैसे मिळतात, सही होते, गाडी येते, पैसे संपतात आणि हातात काही उरत नाही. चुटकी नाही, तर हजारो सह्या.

सिनेमात दोष आहेत. मारामाऱ्या तो इतक्या चवीनं दाखवतो की, ज्याच्याविरुद्ध बोलायचं त्याचंच पोस्टर होतं. त्याच्या चाहत्यांनीही तेच केलं. गाडीच्या काचांवर राहुल्या आला, रील्सवर राहुल्या आला, हमाली करणारा बाप कुठेच आला नाही. थॅनोसच्या चाहत्यांनी तत्त्वज्ञान उचललं आणि मेलेले सोडले, 'मुळशी पॅटर्न'च्या चाहत्यांनी बंदूक उचलली आणि सातबारा सोडला. दोन्हीकडे सुटलं ते एकच.

आणि मी यात कुठे आहे? मी फायद्याच्या बाजूला आहे. हिंजवडी मुळशी तालुक्यातच येते. माझं ऑफिस, त्याचं कँटीन, जिथे आम्ही थॅनोसवर वाद घालतो ते टेबल, सगळं कुणाच्या तरी शेतावर आहे. सुट्टीत मी ज्या पाण्यात राफ्टिंग करतो आणि ज्या जलाशयाचे फोटो काढतो, त्या पाण्याखाली गावं आहेत. हे मी नोकरी सोडावी म्हणून सांगत नाही, सोडणारही नाही. पण जो माणूस उरलेल्या अर्ध्यात आहे, त्यानं हिशेब बरोबर होता असं म्हणताना निदान दुसरा रकाना वाचलेला असावा. मला तेवढीच अट वाटते.

त्यामुळे पुढच्या मार्व्हलच्या सिनेमानंतर वाद जरूर घाला. रॉबर्ट डाउनी ज्युनियर आता डॉक्टर डूम म्हणून परत येणार, त्यालाही नक्की काहीतरी पटण्यासारखं तत्त्वज्ञान असणार. ते पटलं, तर त्याच्या बाजूनं भांडा. फक्त भांडायला लागण्याआधी दोन गोष्टी बघा. ज्यांच्या जिवावर तो हिशेब मांडतोय, त्यांना सिनेमात कुणी विचारलं का? आणि त्यांच्यातल्या एकाचं तरी नाव घेतलं का? उत्तर नाही असेल, तर खलनायक बरोबर होता की चूक हे ठरवायला लागणारी माहितीच सिनेमानं तुम्हाला दिलेली नाही.

ताम्हिणीला जाल तेव्हाही हे करता येईल. गाडी अडकणारच आहे. धबधब्याची रील झाली की फोन खाली ठेवण्याआधी एकदा शोधा, या पाण्याखाली कोणकोणती गावं होती. यादी लांबलचक नाही. ट्रॅफिक सुटायच्या आत वाचून होते.